दोन रक्तांच्या मधली वार

आईचा रक्तगट ‘ओ’ आणि पोटातल्या बाळाचा ‘बी’, मग तिचं रक्त बाळाला चालतं कसं? एका वाचकांचा हा प्रश्न. उत्तर असं, की आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहतच नाही. चुकार पेशी इकडून तिकडे निसटतात, एवढंच.

हे उमगलं १७५४ साली, लंडनमध्ये. दिवस भरत आलेले असताना दगावलेल्या एका बाईच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांत कॉलिन मॅकेन्झी या डॉक्टरने रंगीत मेण भरलं आणि शरीररचनातज्ज्ञ जॉन हंटरला बोलावून घेतलं. मेण वारेतल्या पोकळ्यांपर्यंत पोचलं होतं, बाळाच्या रक्तवाहिन्यांत मात्र शिरलं नव्हतं. पुढे १७८० मध्ये जॉनने रॉयल सोसायटीपुढे हा शोध आपला म्हणून मांडला. थोरला भाऊ विल्यम चिडला, शोध माझा म्हणाला, आणि दोघांचं कायमचं बिनसलं. या भांडणात मॅकेन्झीचं नाव मागे पडलं. मला तर खरं श्रेय त्याच्या हातांचं वाटतं. मेण नीट भरलं गेलं नसतं, तर हंटर बंधूंना दिसलं काय असतं?

विहिरीच्या काठच्या झाडाची मुळं पाण्यात लोंबतात, तसे वारेचे असंख्य तंतू आईच्या रक्तात बुडालेले असतात. त्यांचा सगळा पृष्ठभाग पसरला तर दहा चौरस मीटरहून जास्त भरेल. ग्लुकोज, अमिनो आम्लं, लोह, ऑक्सिजन, सगळं या तंतूंवरच्या पातळ थरातून आत जातं. अनेक पेशी एकजीव होऊन हा थर बनतो, त्यात पेशींच्या सीमाच नसतात. आणि त्यांना एकजीव करणारं प्रथिन आपल्याला कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका विषाणूकडून मिळालेलं आहे! २००० साली हे समजलं तेव्हा शास्त्रज्ञही थक्क झाले.

पहिल्या तिमाहीत तर आईच्या रक्ताचा ओघही जवळजवळ बंद असतो. गर्भाच्याच पेशी तिच्या धमन्यांच्या तोंडाशी बूच बसवतात. तेव्हा पोषण होतं ते गर्भाशयातल्या ग्रंथींच्या स्रावावर. ऑक्सिजन कमी राहतो, आणि अवयव घडण्याच्या काळात तेच गर्भाच्या हिताचं ठरतं.

म्हणून वार अभेद्य आहे असं मात्र समजू नये. नवजात बाळांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू आणि आईला गरोदरपणी झालेला रुबेला यांचा संबंध १९४१ साली सिडनीच्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने दाखवला. पुढे थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळांचे हातपाय खुंटवले.

आईची काही प्रतिपिंडं मात्र वार स्वतःहून, निवडून पलीकडे पोचवते. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस देतात ती त्यासाठीच. जन्मानंतर बाळाला स्वतःची लस मिळेपर्यंतचे आठवडे ते आईच्या प्रतिपिंडांवर काढतं.