हेड उतरवायचा रविवार

सकाळी ६.१५

इंजिन रात्रभर पूर्ण गार झालंय. मारुती ८०० चं हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा. गरम असताना बोल्ट सोडले तर हेड वाकण्याची भीती असते. म्हणून तपासणी काल संध्याकाळीच उरकली आणि उघडायचं काम आज ठेवलं.

गाडी १९९७ ची, कार्बोरेटरची. बरेच दिवस पाणी कमी होत होतं, पण खाली एक थेंब दिसत नव्हता. पन्हाळ्याला जाताना वाघबीळच्या चढावर काटा वर चढायचा, सकाळी सुरू केली की मिसिंग करायची आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा. काल तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडली, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला. गेजवर पहिल्या सिलिंडरला १६५ पीएसआय, दुसऱ्याला ९५, तिसऱ्याला ९०. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर घ्यायचा. तरी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट भरून आकडा वर आला असता. तो हलला नाही.

बिघाड कुठे आहे याचा अंदाज पक्का झाल्याशिवाय पाना उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. 'खोलून तर बघू' म्हणून उघडलेली कितीतरी इंजिनं गोणपाटाखाली तशीच पडून राहिलेली मी पाहिली आहेत.

६.४५

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढली. मग रेडिएटरचं पाणी घमेल्यात सोडलं आणि लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरलं. कूलंट चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. घरी गाडी उघडणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट काटेकोर पाळावी.

पुतणी आली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. "काका, कॉलेजात कट-सेक्शनचं इंजिन बघितलंय, पण त्याला तेल लागलेलं नसतं," म्हणाली. तिच्याकडे फोटो आणि चिठ्ठ्यांचं काम दिलं. कार्बोरेटरला येणारी प्रत्येक बारीक नळी काढण्याआधी दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवायचा. शिवाय एका पुठ्ठ्यावर हेडचा आकार काढून, ज्या जागेचा बोल्ट त्याच जागेच्या भोकात खोचायचा.

७.३०

एअर फिल्टर, चोकची वायर, ॲक्सिलरेटरची केबल, कार्बोरेटर. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या काढल्या त्या परत लावणार नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या घडणीचं रबर त्यात फुगतं, भेगाळतं. नवी नळी घेताना इथेनॉलला चालणारी मागून घ्यावी.

सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे नट गंजलेले. त्यांच्यावर काल रात्रीच गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं. असा नट आधी केसभर घट्ट करायचा, मग ढिला. गंजाची पकड आधी तुटते आणि स्टड वाचतो. सगळे निघाले.

टायमिंग पट्टा काढायच्या आधी क्रँक फिरवून पुलीवरच्या खुणा जुळवल्या, फोटो घेतला, पांढऱ्या रंगाचा ठिपकाही दिला.

९.३०

हेडचे बोल्ट बाहेरून आत यायचे, आणि एकदम नाही. प्रत्येकाला थोडं थोडं ढिलं करत तीन फेऱ्या. मग लाकडी हातोडीने कडेला हलके ठोके. स्क्रू ड्रायव्हर खुपसून हेड उचकटायचं नाही, कारण त्या पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडाही पुढे गळतीची वाट होतो.

हेड दोघांनी उचललं. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये गॅस्केटची जी चिंचोळी पट्टी असते ती जळून काळी पडलेली, आणि तिथून पाण्याच्या भोकाकडे गेलेला काळा माग. तिसऱ्या पिस्टनचा माथा मात्र बाकीच्या दोघांपेक्षा लख्ख, कारण आत शिरलेलं पाणी वाफ होऊन काजळी धुऊन नेतं. कालचे तीन आकडे पुतणीने वहीत लिहिले होते. ती वही गॅस्केटशेजारी धरून ती बराच वेळ बघत राहिली. मला आजच्या दिवसातून तिला द्यायचं होतं ते हेच.

१०.१५

हेड उलटं ठेवून त्यावर सरळ धारेची पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवली आणि खालून फिलर गेज सरकवून पाहिलं. चालण्याजोगा वाक ०.०५ मिलिमीटरपर्यंत. मधोमध ०.१० ची पाती आरपार गेली. नुसतं नवं गॅस्केट टाकून भागणार नाही. व्हॉल्व्ह काढून, नंबर घालून डब्यात ठेवले आणि हेड गोणपाटात गुंडाळलं.

११.००

उद्यमनगर. इथली सुट्टी सोमवारी, म्हणून रविवारचा दिवस आमच्या कामाचा. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांनी कोल्हापुरात इंजिनाची विद्या रुजवली. तिचा वारसा या बोळांतल्या लेथ आणि ग्राइंडरवर अजून कामाला आहे. घरच्या घरी इंजिन करणाऱ्याला असं गाव लाभणं हे मोठं भाग्य, असं मी मनापासून मानतो. स्वतः करायचं म्हणजे सगळंच स्वतः करायचं असं नव्हे. सपाट पृष्ठभाग हाताने होत नाही, तो यंत्राचाच.

ग्राइंडरवरच्या मेस्त्रींना विचारलं, "मेस्त्री, किती घेणार?"

"साफ निघालं की थांबतो. उगंच जास्त घेऊन काय करायचं?"

उत्तर योग्य होतं. जितकं जास्त घासाल तितकी ज्वलनाची जागा कमी होते, दाब वाढतो आणि इंजिन ठोकायला लागतं. मेस्त्रींनी ०.१२ घेतलं आणि पट्टी लावून आम्हाला दाखवलं.

परत येताना गॅस्केट सेट घेतला. तो पहिल्याच दुकानात मिळाला. ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी दिली आणि उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. मधल्या काळात देशात पंचवीस लाखांहून अधिक गाड्या गेल्या, आणि हेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीतही होतं. सामान मिळणं हा जुनी गाडी घरी दुरुस्त करण्याचा खरा आधार आहे.

१.१५

जेवण. हातांना गोडेतेल आणि साखर चोळून मग साबण.

२.००

दिवसातलं सगळ्यात मोठं काम आता सुरू होतं आणि त्यात पाना जवळजवळ लागतच नाही. गॅरेजवाल्याला दिवसात तीन-चार गाड्या बाहेर काढायच्या असतात, त्याला हे तास परवडत नाहीत. आपल्याला परवडतात, आणि घरची दुरुस्ती टिकते ती याच तासांमुळे.

सिलिंडरांत स्वच्छ फडकी कोंबली, ऑइलची आणि पाण्याची भोकं बंद केली, मग ब्लॉकवरचे गॅस्केटचे चिकटलेले तुकडे सोडवले. सँडपेपरने घासायचं नाही. त्याचे कण ऑइलमधून थेट बेअरिंगांत जातात. बोल्टांची भोकं तर प्रत्येकाने बघावीत. त्यांच्या तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं आणि वरून बोल्ट आवळला, तर द्रव दबत नसल्यामुळे ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. सिरिंजने ओढून घेतलं, काडीला कापूस गुंडाळून पुसलं, आटे साफ केले.

तिकडे पुतणी व्हॉल्व्ह लॅपिंगला बसली. बैठकीला पेस्ट लावायची, रबरी कपाची काठी व्हॉल्व्हला चिकटवून दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची, मधून मधून उचलून जागा बदलायची. सहाही व्हॉल्व्हच्या कडेला अखंड करडं वर्तुळ उमटेपर्यंत. पेस्ट धुऊन काढली, नवे सील घालून व्हॉल्व्ह बसवले आणि हेड उलटं करून त्यात रॉकेल ओतलं. दुसऱ्या सिलिंडरचा एक व्हॉल्व्ह पाझरला. तिने न सांगता तो काढला आणि पुन्हा घासायला घेतला.

४.४५

गॅस्केटची वरची बाजू आणि ऑइलचं भोक तपासून ते कोरडंच ठेवलं. हेड बसवलं, बोल्टांना तेलाचं बोट लावलं. आता मधून बाहेर जायचं, तीन टप्प्यांत, शेवटी टॉर्क रेंचवर ५५ ते ६० न्यूटन-मीटर. "हाताला कळतं" म्हणणाऱ्या जाणत्या मेकॅनिकांचा मी आदर करतो, पण बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि तो ताणच हेड धरून ठेवतो. सगळ्यांवर तो सारखा हवा, आणि सारखेपणाची खात्री रेंचच देतं.

५.४५

टायमिंग पट्टा खुणांवर बसवला, ताण दिला आणि क्रँक पान्याने पूर्ण दोन फेरे फिरवला. क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमचा एक. खुणा परत समोरासमोर आल्या. टॅपेट १-३-२ या क्रमाने, थंड इंजिनावर ०.१५. पाती ओढताना अडकू नये, पण घासलेली कळावी. ही पकड पुतणीला दुसऱ्याच टॅपेटला जमली.

७.००

जुन्या ऑइलमध्ये पाणी गेलेलं, म्हणून ऑइल आणि फिल्टर नवा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. प्लग न लावता ऑइलचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला, म्हणजे सुरू होण्याआधी ऑइल वर पोचलेलं असतं. मग प्लग लावले.

सुरू झाली. मॅनिफोल्डवर सांडलेलं तेल जळून थोडा धूर आला आणि थांबला. रेडिएटरच्या तोंडात आधी हवेचे काही बुडबुडे आले, मग पाणी स्थिर. काटा मध्यावर आला, पंखा लागला, बंद झाला, परत लागला. प्लग काढून पुन्हा दाब मोजला: १७०, १६५, १७०. पुतणीने कालच्या आकड्यांखाली ते लिहिले.

८.३०

वाघबीळपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये चढवली. गाडी पुतणी चालवत होती, मी काट्याकडे बघत होतो. तो मध्यावरून हलला नाही. उद्या सकाळी गार इंजिनावर पाण्याची पातळी बघायची आणि ५०० किलोमीटर झाले की टॅपेट पुन्हा मोजायचे. ते काम तिने मागून घेतलंय.