दाढीनंतर गाल जळतो? बोट सुटण्याआधी एवढं वाचा



१ ऑगस्टला हंगाम सुरू होतो तेव्हा आपण इंजिन बघतो, जाळी बघतो, डिझेल-बर्फाचा हिशोब करतो. वस्तऱ्याकडे कुणी बघत नाही. बोट सुटायच्या दिवशी सकाळी घाईघाईत गुळगुळीत दाढी करायची आणि निघायचं, असं आपल्यातले बरेच जण करतात. मग दुपारपर्यंत घाम, ऊन आणि खारं पाणी लागून गाल-गळ्याची नुसती आग आग होते. बहुतेक वेळा ती आपोआप शमते, पण कधी कधी त्यातूनच मोठं दुखणं उभं राहतं. म्हणून आज या विषयावर.

आग का होते?

ब्लेड केसांबरोबर कातडीचा वरचा पातळ थरही खरवडतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. त्यात मीठ आणि घाम गेला की झोंबतं. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांना आणखी एक त्रास होतो. कापलेल्या केसाचं टोक धारदार होतं, वाढताना वळून परत कातडीत शिरतं आणि तिथे लाल पुटकुळी उठते. गळ्यावर हे जास्त दिसतं. केसाच्या मुळाशी जंतू गेले तर पू धरतो.

दाढी कधी करायची, कशी करायची

- निघायच्या दिवशी नको, आदल्या दिवशी करा. कातडीला सावरायला एक रात्र तरी मिळू दे.
- अंघोळीनंतर करा. नाहीतर कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं केस भिजवा. साबण किंवा क्रीमचा फेस नीट लावा, कोरडी दाढी नको.
- सुलटी दाढी करा, म्हणजे केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने. उलटा हात मारला की गाल गुळगुळीत होतो खरा, पण पुटकुळ्याही त्यानेच येतात. कातडी ताणू नका, जोर देऊ नका.
- प्रत्येक हातानंतर रेझर धुवा. पाच ते सात दाढ्या झाल्या की ब्लेड बदला, गंजलेलं असेल तर लगेच टाका. खाऱ्या हवेत ब्लेड लवकर गंजतं. रेझर कोरडा करून डबीत ठेवा.
- वारंवार पुटकुळ्या येत असतील तर ट्रिमर वापरा आणि थोडी खुंटं राहू द्या. बोटीवर कोण बघतंय गुळगुळीत गाल!

घरातल्या बायकांनाही काख किंवा पायाचे केस काढताना हेच नियम लागू आहेत.

आग झालीच तर

गोड्या पाण्याने तोंड धुवा. बोटीवर पाणी मोजून वापरावं लागतं, पण त्यासाठी एक मग पुरतो. स्वच्छ फडकं गार पाण्यात भिजवून दहा मिनिटं ठेवा, मग बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. खणातल्या मासळीचा बर्फ तोंडाला लावू नका, तो स्वच्छ नसतो. हात पुसायच्या, डिझेल लागलेल्या फडक्याने तोंड पुसू नका. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह झोंबतं आणि कातडी आणखी कोरडी करतं. तुरटीने रक्त थांबतं, पण तुरटीचा खडाही ज्याचा त्याचा हवा.

पुटकुळ्या फोडू नका, केस नखाने उकरू नका. बरं होईपर्यंत दाढी बंद ठेवा.

आणखी एक. मेडिकलमधून 'खाज-पुरळाची' ट्यूब स्वतःच्या मनाने आणू नका. अशा पुष्कळ ट्यूबांमध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण तो नायटा असेल तर आतल्या आत पसरतो.

ब्लेड ज्याचं त्याचं

एकाच रेझरने चौघांनी दाढी करणं बोटीवर सर्रास चालतं. ते आजपासून बंद करा. हिपॅटायटिस बी आणि सी हे लिव्हरचे आजार रक्तातून पसरतात आणि ब्लेडला दिसणारही नाही एवढं रक्त त्याला पुरतं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर सात दिवससुद्धा जिवंत राहू शकतो. त्याची लस मिळते, सरकारी दवाखान्यात विचारा. सलूनमध्येही आपल्यासमोर नवीन ब्लेड लावायला सांगा, त्यात लाज कसली?

डॉक्टरकडे कधी जायचं

लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू येत असेल, ताप असेल, तर थांबू नका. कोमट खाऱ्या पाण्यात, विशेषतः खाडीच्या तोंडाशी, व्हिब्रिओ नावाचे जंतू असतात. ते उघड्या जखमेतून शिरले तर दुखणं काही तासांत वाढू शकतं. असं क्वचित होतं, पण मधुमेह असलेल्यांना आणि दारूने किंवा आजाराने लिव्हर बिघडलेल्यांना धोका फार मोठा. जखमेच्या मानाने दुखणं खूपच जास्त असेल, कातडी काळी-निळी पडली किंवा फोड आले, तर वायरलेसवर कळवा, बोट किनाऱ्याकडे वळवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. 'मला खारं पाणी लागलं होतं' हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, त्यावरून औषध ठरतं.

बोटमालकांना विनंती: फेरीच्या सामानात माणशी एक रेझर घाला. एका फेरीच्या डिझेलपुढे तो खर्च काहीच नाही. आणि आपले बरेच खलाशी परराज्यातले आहेत, त्यांना मराठी वाचता येत नाही. तांडेलांनी हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावं.

जपून जा, भरून या!