खाडीच्या गढूळ पाण्यात असते तरी काय?

आषाढात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालून उल्हास नदी तांबूस, दाट पाणी घेऊन जाते. हा गढूळपणा म्हणजे डोंगरउतारांवरची, शेतांतली मातीच होय. सह्याद्रीत उगम पावलेल्या या नदीला कल्याणजवळ काळू मिळते. पुढे डोंबिवली, मुंब्रा, ठाणे करीत हे पाणी वसईच्या खाडीने समुद्राला जाते.

कण कोणते?

जड रेती आधी तळाशी बसते. चिकणमातीचे कण मात्र मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक. ते तरंगतच राहतात. आपल्याकडे काळ्या पाषाणाची झीज होऊन माती बनते. म्हणून त्यात स्मेक्टाईट जातीचे खनिज फार. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, ती याच खनिजामुळे. दक्षिणेकडे केरळच्या किनाऱ्यावर खडक निराळा, म्हणून तिथल्या गाळात चिनी मातीचे खनिज, केओलिनाईट, अधिक. गाळ तपासला की तो कुठल्या डोंगरातला, याचा माग लागतो.

मीठ लागताच

हे कण एकमेकांना दूर ढकलतात. खारे पाणी मिळाले की ते एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि खाली बसतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर असेच घडते. दोन पेल्यांत गढूळ पाणी घ्या, एकात चमचाभर मीठ घाला आणि मुलांना फरक पाहू द्या.

बसलेला गाळ कायम बसून राहत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ फार. तळचा गाळ पुन्हा उसळतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, पाणी त्या मानाने निवळ असते.

आपला संबंध

याच गाळाने खाजणे तयार झाली, बांध घालून तिथे भात पिकला. तिवरांची मुळे पाण्याचा वेग मोडून गाळ धरतात; तिवर तोडले की काठ खचतो. दुसरी गोष्ट काळजीची. कारखान्यांच्या सांडपाण्यातले शिसे, पारा यांसारखे धातू या बारीक कणांना चिकटतात आणि गाळात साठतात. चिखलात चरणाऱ्या मासळीमार्फत ते आपल्या ताटात येऊ शकतात. म्हणून सांडपाणी शुद्ध करूनच खाडीत सोडले पाहिजे, असा आग्रह गावाने धरावा.

खारजमिनीवाल्यांनी पावसाचे गोडे पाणी खाचरात अडवावे आणि ओहोटीला उघाडीतून सोडावे. मीठ धुपून जाते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांनी उतारावर आडवी बांधबंदिस्ती करावी, बांधावर गवत राखावे. खाडीला गेलेली माती परत येत नाही. ती शेतातच अडवलेली बरी.