पिंपाच्या भिंतीवरची अंडी

जबलपुरात वर्षाला साधारण 1,300 मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबाने दहा फूट बाय दहा फुटांच्या पत्र्यावर वीस-बावीस मिलिमीटरची एक दणदणीत सर आली, की पन्हळीखालचे दोनशे लिटरचे निळे पिंप भरलेच म्हणून समजा. उघडीप पडली की हे पाणी जास्वंदीला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला घालता येते आणि नळाचे पाणी वाचते. असे पाणी साठवायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. फक्त ते डासांसाठी साठवले जाऊ नये.

इथे नागपूर रस्त्यावर, गढ्याला, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी संस्था 1984 पासून आहे. शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या मलेरियावर तिथे पुष्कळ काम झाले आहे. पण मंडल्याच्या जंगलपट्ट्यात मलेरिया पसरवणारे ॲनॉफिलिस डास ओढ्या-नाल्यांच्या, डबक्यांच्या पाण्यात वाढतात. आपल्या अंगणातल्या पिंपावर हक्क सांगतो तो मुख्यतः एडिस, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुन्याचा वाहक. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो आणि सहसा शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. आपल्या पिंपात वाढलेला डास आपल्यालाच चावतो, फार तर शेजाऱ्यांना.

एडिसची मादी पाण्यावर अंडी घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर आणि खरखरीत भिंतीवर ती एकेक अंडे चिकटवते, एका खेपेला शंभराच्या आसपास. ही अंडी काळी आणि इतकी बारीक असतात की पिंपाचा मळच वाटावीत. कोरडी पडली तरी ती मरत नाहीत, कित्येक महिने तग धरतात आणि पाणी वर चढून बुडाली की फुटतात. आता झाडांच्या पिंपात काय होते ते पाहा. चार दिवस झारीने पाणी काढले की पातळी उतरते, ओली भिंत उघडी पडते, मादी तिथे अंडी घालते. मग सर येते, पिंप भरते, अंडी बुडतात. पातळी अशी रोज खाली-वर होणारे पिंप एडिसला फारच मानवते.

अळी अंड्यातून बाहेर आली की चार वेळा कात टाकते, मग तिचा कोष होतो आणि दोनेक दिवसांत त्यातून डास उडतो. पावसाळ्यातल्या उबेत अंडे फुटल्यापासून डास होईपर्यंत आठवडा-दहा दिवस पुरतात. ‘आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा’ असे आरोग्य खाते सांगते, ते याच हिशेबावर.

पिंपात अळ्या आहेत का, हे ओळखणे अवघड नाही. पांढऱ्या वाडग्यात पाणी घ्या आणि उजेडात धरा. शेपटीकडची श्वासनळी पृष्ठभागाला लावून, डोके खाली करून तिरपी लटकलेली अळी एडिसची किंवा क्युलेक्स जातीच्या डासाची. पाण्याला समांतर, आडवी पडलेली अळी ॲनॉफिलिसची. वाडग्याला टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाला जातात. त्यांच्यात स्वल्पविरामासारखे वाकडे, उड्या मारणारे जीव दिसले तर ते कोष. मग घाई करा, कारण कोष काही खात नाही आणि खाण्यातून भिनणारे कोणतेही औषध त्याच्यावर चालत नाही.

पहिला आणि सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे जाळी. मच्छरदाणीचे नायलॉनचे कापड तोंडावर ताणून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने घट्ट बांधा. ते सैल पडून पाण्याला टेकले तर मादी जाळीवर बसूनही अंडी घालू शकते, म्हणून ताण महत्त्वाचा. पन्हळीचे पाणी जाळीवरूनच आत पडू द्या आणि साचलेला पाला झटकत जा. जादा पाणी वाहून जाण्याच्या नळीचे तोंड मात्र बहुतेक जण विसरतात. डास तिथून आत जातात, त्यामुळे तिथेही जाळी हवीच. प्लास्टिकचे झाकण लावणार असाल तर त्याच्या खोलगट कडेत पाणी साचते, तेही पुसा.

पाणी तळाला गेले की पिंप काथ्याच्या ब्रशने आतून घासा. घासलेले पाणी गटारात ओतू नका, उन्हातल्या कोरड्या मातीवर फेका.

अळ्या झाल्याच असतील तर बीटीआय वापरा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस हा जिवाणू 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. त्याचे प्रथिनांचे स्फटिक अळी खाते, तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळतात आणि आतड्याला भोके पडून अळी मरते. माणसाला, पाळीव जनावरांना आणि झाडांना त्याचा त्रास नाही. मात्रा वेष्टनावर असते तेवढीच घ्या. उन्हाने त्याचा जोर ओसरतो, म्हणून ठरावीक दिवसांनी पुन्हा घालावे लागते. पालिकेचे कर्मचारी जे टेमेफॉस, म्हणजे ॲबेट टाकतात, त्याचे प्रमाण लिटरला एक मिलिग्रॅम इतके कमी असते. ते अंदाजाने ओतायचे औषध नव्हे.

गप्पी मासे सावलीतल्या मोठ्या हौदाला चांगले. उन्हात तापणाऱ्या आणि दर आठवड्याला रिकाम्या होणाऱ्या पिंपात ते टिकत नाहीत. उरलेले मासे नर्मदेत किंवा गावच्या तलावात कधीही सोडू नका. ते मूळचे दक्षिण अमेरिकेचे आहेत आणि स्थानिक माशांची अंडी-पिल्ले खातात. रॉकेल आणि जळके तेल मी झाडांच्या पाण्यात सुचवणार नाही. अळ्या गुदमरतील खऱ्या, पण मातीही बिघडेल.

अळ्या असलेले पाणी झाडांना घालायला हरकत नाही. माती पाणी शोषते आणि अळ्या तिथेच मरतात. मात्र कुंडीखालच्या ताटलीत पाणी राहिले तर त्या तिथे मोठ्या होतील. उन्हाळा संपल्यावर तसाच पडलेला कूलर तर पिंपाहूनही वाईट, कारण त्याच्या तळाचे पाणी कोणी पाहतच नाही.

पाऊस ओसरला आणि पिंप रिकामे झाले की ते घासून, कोरडे पुसून, पालथे घालून ठेवा. नाहीतर भिंतीवरची अंडी पुढच्या पावसाची वाट पाहत तशीच राहतील.