पिंग गेलं, पाँग आलंच नाही!

एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर आणि त्याच्याही पोटात तिसरा! बाहेरून पाहाल तर टेबलावर एकच बिचारा लॅपटॉप. तिसरा झोकात बूट होतो, लॉगिनही होतं, सगळं कसं झकास... फक्त नेट तेवढं नाही! होम लॅबवाल्यांच्या या लाडक्या डोकेदुखीचं नाव नेस्टेड व्हर्च्युअल मशीन. राउटर सतराव्यांदा रिस्टार्ट करण्याआधी जरा इकडे या. गंमत आहे.

माहीत आहे का, ही फॅशन पन्नास वर्षांहून जुनी आहे? आयबीएमनं १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ बाजारात आणायची घोषणा केली, तेव्हाच त्या सिस्टिमच्या आत तीच सिस्टिम चालवता येत होती. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग या जोडीनं ‘मशीनमध्ये मशीन’ कधी शक्य आहे, याचं रीतसर गणितच मांडलं. म्हणजे तुमचा हा वीकेंड प्रोजेक्ट रेट्रो आहे, बॉस!

इंटेलच्या साध्या प्रोसेसरवर हा खेळ वेगात चालवून दाखवला तो आयबीएमच्या हैफामधल्या संशोधकांनी, २०१० मध्ये. प्रोजेक्टचं नाव काय, तर ‘टर्टल्स’! पृथ्वी कासवाच्या पाठीवर, ते कासव दुसऱ्या कासवाच्या पाठीवर, आणि खाली कासवंच कासवं, या जुन्या किश्श्यावरून. आपला कूर्मावतार एका कासवावर भागवतो, ही आपली काटकसर.

मजल्यांची नावं एकदा पाठ करून टाका. खरं मशीन एल-झिरो, त्यातलं व्हीएम एल-वन, आणि त्याच्या पोटातलं शेंडेफळ एल-टू. रडतं ते नेहमी शेंडेफळच. पण दुखणं बहुतेक वेळा त्याच्यात नसतंच! दुखणं असतं एल-झिरोच्या व्हर्च्युअल स्विचमध्ये.

कसं? हा स्विच म्हणजे सोसायटीचा कडक वॉचमन. त्याच्या रजिस्टरमध्ये फक्त एल-वनचा मॅक अ‍ॅड्रेस. एल-टूचं पॅकेट एल-वनच्याच दारातून बाहेर पडतं, पण छातीवर बिल्ला स्वतःच्या मॅकचा. ‘तुम्ही कोण?’ म्हणत वॉचमन त्याला तिथेच अडवतो. एरर नाही, बीप नाही, पॅकेट गुडूप! आणि गंमत म्हणजे स्विच बिघडलेला नसतो. तो सिक्युरिटीचा नियम इमानेइतबारे पाळत असतो.

उपाय प्रत्येक कंपनीनं वेगळ्या नावानं ठेवलाय, नाहीतर मजा कसली? व्हीएमवेअर ईएसएक्सआयमध्ये ‘प्रॉमिस्क्युअस मोड’ आणि ‘फोर्ज्ड ट्रान्समिट्स’ या दोघांना ‘अ‍ॅक्सेप्ट’ म्हणा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये ब्रिज्ड अडॅप्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये प्रॉमिस्क्युअस मोड ‘अलाऊ ऑल’ करा. हायपर-व्हीला नेस्टिंग २०१६ मध्ये मिळालं. तिथे नेटवर्क अडॅप्टरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स’मध्ये ‘मॅक अ‍ॅड्रेस स्पूफिंग’ची एक टिक. आता नीट वाचा, कारण गाडी इथेच अडते: ही टिक एल-टूच्या नाही, एल-वनच्या अडॅप्टरवर करायची, आणि तीही एल-झिरोवर बसून. आतल्या खोलीत कितीही बटणं दाबा, गेट बाहेरूनच उघडतं.

विश्वास नाही बसत? मग चोर रंगेहाथ पकडा. एल-टू, एल-वन आणि एल-झिरो तिन्हींवर ‘टीसीपीडम्प’ लावून फक्त एआरपी बघत बसा. आणि एल-टूवरून राउटरला पिंग करा. स्क्रीनवर ओळ उमटते: ‘हू-हॅज १९२.१६८.१.१ टेल १९२.१६८.१.५७’. प्रोटोकॉल १९८२ चा, पण बोलणं गल्लीतल्यासारखं: अमक्याचं घर कुठलं, तमक्याला कळवा! ही ओळ एल-टूवर दिसली, एल-वनवर दिसली, एल-झिरोवर नाही? मग पॅकेट जाताना मारलं गेलं. एल-झिरोवर उत्तरही दिसतंय, पण एल-वनपर्यंत पोचत नाही? मग ते येताना मारलं गेलं. व्हीएमवेअरमध्ये पहिल्याचा संशयित फोर्ज्ड ट्रान्समिट्स, दुसऱ्याचा प्रॉमिस्क्युअस मोड. केस क्लोज्ड!

आता सगळं ‘अ‍ॅक्सेप्ट’ केलं, तरी वाय-फायवर ब्रिज हटून बसलाय? माहीत आहे का, वाय-फायच्या नेहमीच्या फ्रेममध्ये तीनच पत्ते वापरात असतात? चौथ्याला जागाच नाही! अ‍ॅक्सेस पॉइंट ओळखतो तो ज्यानं पासवर्ड देऊन हजेरी लावली त्या मॅकला. त्याच्या पाठीमागे लपून आलेल्या पाहुण्याला तो दारातच उभा ठेवतो. व्हर्च्युअलबॉक्स यावर चलाखी करतं: बाहेर जाणाऱ्या पॅकेटवरचा मॅक पुसून तिथे लॅपटॉपचा मॅक चिकटवतं. पण दोन-दोन मजल्यांवर अशी चिकटवाचिकटवी सांभाळण्यापेक्षा माझा सल्ला सरळ आहे: दहा फुटी लॅन केबल आणा. ते नको असेल तर एल-वनमध्येच नॅट लावा.

नॅट म्हटलं की जुळ्याचं दुखणं आलंच. व्हर्च्युअलबॉक्सच्या डीफॉल्ट नॅटमध्ये पहिल्या अडॅप्टरचा पत्ता ठरलेला: १०.०.२.१५. प्रत्येक व्हीएमचा तोच! आत पुन्हा व्हर्च्युअलबॉक्स टाकलंत तर बापलेकांचा पत्ताही सेम टू सेम. लिनक्सच्या लिबव्हर्टची आवड वेगळी, १९२.१६८.१२२.०. बाहेरही तेच नेटवर्क आणि आतही तेच झालं की एल-वन गोंधळतो: पॅकेट आत पाठवू की बाहेर? आतल्या नेटवर्कचा नंबर बदला, दोन मिनिटांचं काम.

क्लोनवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी! मॅक अ‍ॅड्रेस ४८ बिटांचा, म्हणजे शक्यता सुमारे २८१ लाख कोटी. तुम्ही क्लोनला त्यातला अगदी कोरा मॅक दिलात, तरी दोन उबंटू सर्व्हर एकाच आयपीवर भांडताहेत? डीएचसीपीकडे आयपी मागताना उबंटू सर्व्हर मॅक नाही, ‘मशीन-आयडी’ या फायलीतून बनवलेली ओळख दाखवतो. आणि ती फाइल क्लोनबरोबर जशीच्या तशी आली! नवी तयार करा, भांडण मिटलं.

राउटरच्या डिव्हाइस लिस्टमध्ये अनोळखी पाहुणा दिसला तर त्याचं आडनाव बघा, म्हणजे मॅकची सुरुवात. ०८:००:२७ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स. ००:५०:५६ म्हणजे व्हीएमवेअर. ५२:५४:०० म्हणजे क्यूईएमयू. शेजाऱ्यानं वाय-फाय चोरलं म्हणून भांडायला निघण्याआधी एवढं तपासाच.

आयपी १६९.२५४ नं सुरू होतोय? अभिनंदन, तुमच्या व्हीएमनं स्वतःचं बारसं स्वतःच उरकलंय. डीएचसीपीचं उत्तरच आलं नाही.

नॅटचा मूळ दस्तऐवज मे १९९४ चा आहे आणि त्यात नॅटला चक्क तात्पुरता उपाय म्हटलंय. तात्पुरता! आता मोजा: एल-वनचं नॅट, एल-झिरोचं नॅट, घरच्या राउटरचं नॅट. राउटरच्या वॅन आयपीची सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांच्यात असेल, तर प्रोव्हायडरचंही नॅट. चौकार! बाहेर जाणारा ट्रॅफिक यातूनही सुखरूप जातो. बाहेरून आत यायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग प्रत्येक मजल्यावर हवं, आणि चौथा मजला तुमच्या हातात नाही.

बरं, पिंग फेल म्हणजे नेट बंद असं कुणी सांगितलं? क्यूईएमयूचं ‘यूझर मोड’ नेटवर्किंग ज्यावर उभं आहे त्या ‘स्लर्प’चा जन्म १९९५ चा. डायल-अपच्या जमान्यात फक्त अक्षरं दाखवणाऱ्या स्वस्त अकाउंटवरून पूर्ण इंटरनेट ओढायचा तो जुगाड होता! त्याच्यावर वेबसाइट धडाधड उघडतात, आणि पिंग मात्र बऱ्याचदा ढिम्म. म्हणून निकाल लावण्याआधी ब्राउझर उघडून बघा. आयपीनं जातंय, नावानं नाही? डीएनएस. पुढे चला.

याच्या उलट केसही भारी. पिंग सुसाट, पण एसएसएच जोडलं की गोठतं, पान अर्धंच उघडतं. तपासा एमटीयू! इथरनेटचं पॅकेट जास्तीत जास्त १५०० बाइट्सचं. वाटेत व्हीएक्सलॅनचं वेष्टण असेल तर ते ५० बाइट्स खातं, हातात उरतात १४५०. छोटं पिंग आरामात जातं, मोठा डेटा अडकतो. तुकडे करू नको असं बजावून १४७२ साइजचं पिंग सोडा. त्यात २८ बाइट्सचे हेडर मिळवले की बरोबर १५००. हे अडकलं आणि १४२२ चं गेलं, तर वेष्टणच दोषी.

आणि एल-वनवर डॉकर आहे का? तो फायरवॉलमध्ये फॉरवर्डिंगची पॉलिसी ‘ड्रॉप’ करून ठेवतो. कालपर्यंत चालणारा ब्रिज डॉकर टाकल्यावर मेला असेल, तर आरोपी समोरच उभा आहे.

पिंगचा सगळ्यात अतरंगी वापर माहीत आहे का? माइक म्यूस यांनी हा प्रोग्राम डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, हजारेक ओळींचा. एका नेटवर्कवाल्यानं पिंगचं प्रत्येक उत्तर बोलून दाखवणारा प्रोग्राम ऑफिसातल्या स्टिरिओला जोडला, आवाज फुल्ल केला आणि बिल्डिंगभर केबलचे कनेक्टर हलवत फिरला. ‘पिंग, पिंग, पिंग’ थांबलं तिथे सैल कनेक्टर सापडला! हा किस्सा म्यूस स्वतः सांगत.

जाता जाता एक विनंती. प्रॉमिस्क्युअस मोड चालू असलेल्या पोर्ट ग्रुपवरचं प्रत्येक व्हीएम शेजाऱ्याचा ट्रॅफिक ऐकू शकतं, आणि उगाच पॅकेटच्या कॉपी निघून मशीनही दमतं. व्हीएमवेअरनं व्हीस्फिअर ६.७ पासून डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये ‘मॅक लर्निंग’ दिलंय, ते असेल तर प्रॉमिस्क्युअसची गरजच नाही. नसेल, तर लॅबसाठी वेगळा पोर्ट ग्रुप करा, परवानगी तेवढ्यालाच द्या, आणि घरच्या फोटोंचा सर्व्हर त्यावर चुकूनही जोडू नका.