यक्षाचा निरोप, लंडनमार्गे

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणारा रस्ता सातपूरच्या औद्योगिक वसाहतीवरून जातो. कारखाने मागे पडतात, डोंगर जवळ येतात आणि पुढे त्र्यंबकेश्वरच्या वेदपाठशाळांत ऋग्वेद आजही मुखोद्गत केला जातो. उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांच्या चौकटीत, एक मात्राही इकडची तिकडे न होऊ देता चालणारे हे पठण ज्यांच्या कानांत बसले आहे, त्यांना गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची ऋग्वेदसूक्तांवरील वृंदगाने प्रथम ऐकताना काहीसे बिचकायला होईल. येथे इंद्र, वरुण, अग्नी, सोम सारे आहेत. पण भाषा इंग्रजी, साथीला वाद्यवृंद किंवा हार्प, आणि गाणारा समूह एकाच वेळी निरनिराळ्या सुरावटी गुंफणारा. पठणात अनेक कंठांतून एकच स्वर निघावा लागतो. पाश्चात्त्य वृंदगानात मात्र अनेक स्वर एकमेकांत मिसळून एक भाव उभा राहतो. हा फरक ध्यानात ठेवला की बिचकणे कमी होते आणि ऐकणे सुरू होते.

होल्स्ट यांचा जन्म १८७४ चा, चेल्टनहॅम गावचा. जगाला ते ठाऊक आहेत ते ‘द प्लॅनेट्स’ या ग्रहांवरील वाद्यवृंदरचनेमुळे. त्याआधीची दहा-बारा वर्षे मात्र या गृहस्थाने भारतीय वाङ्मयाच्या सहवासात काढली. उपलब्ध इंग्रजी भाषांतरे त्यांना गाण्याजोगी वाटेनात, म्हणून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मेबल बोड या विदुषींकडे ते संस्कृत शिकू लागले. पंडित ते झाले नाहीत. कोश हाताशी ठेवून, शब्द न् शब्द लावून त्यांनी आपल्यापुरते भाषांतर केले आणि त्याला स्वर दिले. पोटासाठी ते मुलींच्या शाळेत संगीत शिकवीत आणि उरलेल्या वेळात ही साधना चाले.

रामायणावरील ‘सीता’ या तीन अंकी ऑपेरावर त्यांनी १८९९ ते १९०६ अशी सात वर्षे खर्ची घातली. पंचवटीच्या परिसरातील वाचकाला कुतूहल वाटावे असा हा विषय. पण रचनेवर जर्मन संगीतकार वाग्नरची छाया इतकी दाट की पुढे स्वतः होल्स्टच तिची टवाळी करीत. खरा सूर सापडला तो १९०८ च्या ‘सावित्री’त. तीन गायक, जेमतेम बारा वादक, पडद्याआड गाणारा शब्दहीन स्त्रीवृंद आणि अर्ध्या तासात संपणारी कथा. प्रारंभी कोणतेही वाद्य वाजत नाही. दूरवरून मृत्यूचा आवाज येतो आणि सावित्री त्याला वेगळ्याच स्वरपट्टीतून उत्तर देते. वटपौर्णिमेच्या कथेतील सासऱ्याचे राज्य, शंभर पुत्र हे वर येथे नाहीत. होल्स्टची सावित्री स्वतःसाठी फक्त जीवन मागते आणि सत्यवानावाचून ते जीवनच नव्हे, असे मृत्यूला पटवते. महाभारतातील युक्तिवाद त्यांनी गाळून गाळून एका मुद्द्यावर आणला आहे.

ऋग्वेदावरील चौदा वृंदगाने १९०८ ते १९१२ या काळातली, चार गटांत विभागलेली. पहिला गट स्त्री-पुरुषांच्या संमिश्र वृंदासाठी आहे. त्यातील ‘अज्ञात देवास’ हे गान दहाव्या मंडलातील हिरण्यगर्भसूक्तावर आधारलेले आहे. तिसरा गट केवळ स्त्रीस्वर आणि हार्प यांचा. उषा, आप, वेन आणि वाटसरूंची पूषनाला प्रार्थना अशी चार सूक्ते त्यात येतात. होल्स्ट यांनी भारतीय राग उसने घेतले नाहीत, घंटा वाजवून ‘पौर्वात्य’ वातावरणनिर्मितीही फारशी केली नाही. पाच आणि सात मात्रांची चाल मात्र त्यांना फार प्रिय. इंग्रज गायकांना ती त्या काळी अवघड जाई. रूपक तालाच्या सात मात्रा सहज मोजणाऱ्या आपल्या श्रोत्याला तिचे अप्रूप वाटणार नाही, उलट ओळखीची खूण पटेल.

मराठी मनाला सर्वांत जवळची रचना म्हणजे ‘द क्लाउड मेसेंजर’, अर्थात मेघदूत. यक्षाचा रामगिरी म्हणजे विदर्भातील रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आग्रहाने मांडले. कुसुमाग्रजांनी नाशकात बसून मेघदूत मराठीत आणले आणि या शहराचे नाट्यगृहही कालिदासाच्याच नावाने उभे आहे. होल्स्ट यांचे सुमारे पाऊण तासाचे मेघदूत ४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये सादर झाले आणि पडले. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. मन रमावे म्हणून ते मित्रांसोबत स्पेनच्या माजोर्का बेटावर गेले. तेथे क्लिफर्ड बॅक्स यांनी त्यांना फलज्योतिषाची गोडी लावली आणि त्यातूनच पुढे ग्रहांची ती कीर्तिवंत रचना आकारली. त्या ग्रहांचे ध्वनिमुद्रण होल्स्ट यांनी १९२० च्या दशकात स्वतः दोनदा केले. मेघाच्या नशिबी मात्र विस्मरण आले. त्याचे पहिले ध्वनिमुद्रण व्हायला १९९० साल उजाडावे लागले. रिचर्ड हिकॉक्स यांच्या संचालनाखाली लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि त्यांच्या वृंदाने, डेला जोन्स यांच्या गायनासह, ते केले. जे काव्य कालिदासाने एका एकाकी जिवाच्या मुखी घातले, ते येथे शंभर कंठांतून येते, आणि हीच या रचनेची अडचण आहे. मधला नृत्याचा भागही जरा लांबतो. पण अखेरीस वृंद हळूहळू विरत जातो तेव्हा विरह खरोखर ऐकू येतो. जोसेफ फोर्ट यांनी लहान वाद्यमेळासाठी केलेल्या रूपांतराचे, लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या वृंदाने गायलेले ध्वनिमुद्रण २०२० मध्ये आले. त्यात गर्दी कमी झाल्याने यक्ष जवळचा वाटतो.

एकाकी आवाज होल्स्ट यांना साधत नव्हता असे मात्र नाही. १९११ साली त्यांनी चेलो आणि वाद्यवृंदासाठी ‘इन्व्होकेशन’, म्हणजे आवाहन, ही दहा मिनिटांच्या आतली रचना केली. चेलो हे व्हायोलिनच्याच कुळातले, पण गुडघ्यांत धरून वाजवायचे वाद्य. त्याचा स्वर पुरुषाच्या भरदार आवाजाशी नाते सांगतो. हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळात तो आपण नकळत कितीदा तरी ऐकला आहे. मे मकल या वादक स्त्रीने प्रथम वाजवलेली ही रचना नंतर दशकानुदशके पडून राहिली. १९८० च्या दशकात ज्युलियन लॉइड वेबर यांनी ती पुन्हा उजेडात आणली. २०१६ मध्ये स्टीव्हन इसर्लिस यांनी पाव्हो यार्व्ही यांच्या संचालनाखाली ती वाजवली आणि त्याच ध्वनिमुद्रिकेत होल्स्ट यांची कन्या इमोजेन यांची ‘द फॉल ऑफ द लीफ’ ही एकल चेलोसाठीची १९६३ ची रचनाही घेतली. बापलेक असे एका तबकडीवर भेटले.

या इमोजेन वडिलांच्या संगीताच्या कठोर परीक्षक होत्या. न आवडलेल्या रचनांना त्यांनी पाठीशी घातले नाही. १९५० च्या अखेरीस त्या शांतिनिकेतनात येऊन भारतीय संगीताचा अभ्यास करून गेल्या. १९६५ साली त्यांनी संचालन केलेल्या ‘सावित्री’त जॅनेट बेकर सावित्री, रॉबर्ट टिअर सत्यवान आणि थॉमस हेम्स्ली मृत्यू आहेत. ऋग्वेदगानांचा हार्पसह तिसरा गटही त्यांनी पर्सेल सिंगर्स या वृंदाकडून गाऊन घेतला, हार्पवर ओसियन एलिस. नवख्या श्रोत्याने आरंभ येथूनच करावा, तोही उषेच्या सूक्तापासून. मेघदूत त्यानंतर, आणि शक्य तर आषाढात.