ऊस का लोळतो? वाकण्याचे थोडे गणित

सभासद बंधूंनो,

परतीच्या पावसाबरोबर वारा सुटला की गटागटांतून एकच तक्रार आमच्याकडे येते, "साहेब, आडसालीचा फड पार झोपला. ऊस लई जोमात होता ना!" जोम चांगलाच. पण तो उंचीत आहे की जाडीत, हे आधी पाहिले पाहिजे.

उभा ऊस म्हणजे जमिनीत रोवलेला लवचिक खांब. असा खांब किती भाराला सरळ राहील याचे सूत्र लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने 1744 साली मांडले. मर्यादेपर्यंत खांब सरळ. ती ओलांडली की तो बाजूला वाकतो. पुढे 1881 साली ग्रीनहिल या इंग्रज गणितज्ञाने, झाड स्वतःच्या वजनाने न वाकता किती उंच जाईल, याचा हिशेब केला. जाडी आठपट झाली तर उंची फक्त चौपट पेलते, असे त्यातून निघते.

आता आपला ऊस घ्या. शेंड्याला वाऱ्याचा रेटा तेवढाच असला, तरी वाकणे उंचीच्या घनाप्रमाणे वाढते. 8 फुटी ऊस त्याच जाडीत 10 फूट झाला, तर शेंडा जवळजवळ दुप्पट झुकतो. उलट ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. अडीच सेंटीमीटरचा ऊस तीन सेंटीमीटर झाला, की ताठपणा दुपटीहून जास्त! एकदा शेंडा झुकला की ओल्या वाढ्याचे वजनही त्याला खाली ओढते. मग ऊस सावरत नाही.

ऊस काही लोखंडी पाइप नव्हे. त्याला पेरी आहेत, तो शेंड्याकडे निमुळता होतो. म्हणून हे आकडे अंदाजाचे, पण दिशा खरी.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती म्हणजे बुडखा घट्ट रोवलेला आहे. पाणी साचून माती लोण्यासारखी झाली, की ऊस न वाकता अख्खे बेटच कलंडते. तिथे जाडीही उपयोगी पडत नाही.

लोळलेल्या उसाला मुळ्या सुटतात, डोळे फुटतात, उंदीर लागतात. वजन जाते, उतारा घटतो, तोडणीवाले जादा पैसे मागतात ते वेगळेच. तेव्हा एवढे कराच:

1. सरी 4 ते 5 फुटांची ठेवा. दाटीत ऊस उंच आणि बारीक होतो.

2. मोठी बांधणी वेळेवर करा, बुडख्याला भरपूर माती लावा. मातीत गेलेला भाग वाकत नाही.

3. नत्राचे हप्ते 10, 40, 10 आणि 40 टक्के असे द्या. शेवटचा मोठ्या बांधणीला. त्यानंतर "अजून एक पोतं युरिया टाकू" हा मोह नको.

4. पावसाळ्यापूर्वी चर मोकळे करा.

वारा आपल्या हातात नाही. बुडखा मात्र आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी